बियाणे परत करणारे हात



शाळेत इतिहास शिकवताना युद्धाचा धडा आला की फळ्यावर तीन शब्द लिहायचे, ही आमची जुनी पद्धत. कारणे, घटना आणि परिणाम. कारणे पाच, घटना तारखांसह, परिणाम चार. परीक्षेत गुणही तसेच. तह झाला, सह्या झाल्या की धडा संपायचा आणि घंटा व्हायची. पण तह झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या देशातला माणूस उठतो तेव्हा काय करतो? चूल कशाने पेटवतो, मुलाला कुठल्या शाळेत पाठवतो, शेतात काय पेरतो? याचे उत्तर आमच्या पुस्तकात नसे, आणि मुलेही ते विचारत नसत. निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला तसा मला या दुसऱ्या दिवसाचाच नाद लागला.

सध्या वर्तमानपत्र उघडावे तर कुठे ना कुठे उद्ध्वस्त देश उभा करण्याच्या गोष्टी असतात. अमुक परिषद भरली, तमुक अब्ज डॉलरची आश्वासने मिळाली. त्यावर आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, पैसा ओतला की सगळे होते. दुसरा म्हणतो, सगळा पैसा पाण्यात जातो, ज्याचे त्याने निस्तरावे. मला दोघांचेही पटत नाही. का पटत नाही ते सांगण्यासाठी आज कंबोडियाची गोष्ट घेतो. या देशाला जगाने केलेल्या मदतीला आता पंचेचाळीस वर्षे होऊन गेली. म्हणजे प्रगतिपुस्तक भरायला हरकत नाही.

आपल्याकडे कंबोडिया म्हटले की अंकोरवाटचे विष्णुमंदिर आठवते आणि तिथेच आपण थांबतो. १९५३ साली हा देश फ्रेंचांपासून स्वतंत्र झाला. राजा सिहानूक यांना व्हिएतनामच्या युद्धापासून देश बाजूला ठेवायचा होता. पण शेजारच्या घराला आग लागली की आपले छप्पर किती दिवस टिकणार? १९६९ पासून १९७३ पर्यंत अमेरिकेने कंबोडियावर प्रचंड बाँबफेक केली. १९७० साली जनरल लॉन नोल यांनी सिहानूकांना पदच्युत केले आणि यादवी पेटली. १७ एप्रिल १९७५ या दिवशी ख्मेर रूज नावाच्या कम्युनिस्ट बंडखोरांनी राजधानी नॉम पेन्ह घेतली आणि काही दिवसांतच सगळे शहर रिकामे केले. दवाखान्यातले रुग्णसुद्धा खाटांसकट रस्त्यावर आले. नोटा रद्द, बाजार बंद, देवळे बंद, शाळा बंद. मध्यवर्ती बँकेची इमारत सुरुंग लावून उडवली. पुढची तीन वर्षे, आठ महिने आणि वीस दिवस सगळा देश म्हणजे एक वेठबिगारीची छावणी होता. उपासमार, रोगराई आणि कत्तल यांत पंधरा ते वीस लाख माणसे गेली असा अंदाज आहे. देशाची लोकसंख्या तेव्हा ऐंशी लाखांच्या आसपास होती. म्हणजे चार-पाच माणसांमागे एक.

मला शिक्षक म्हणून यातली एक गोष्ट फार लागते. या राजवटीचा म्होरक्या पोल पॉट हा स्वतः शिक्षक होता. नॉम पेन्हच्या एका खासगी शाळेत तो इतिहास आणि फ्रेंच शिकवत असे. त्याच्या सहकाऱ्यांपैकीही कित्येक जण पेशाने मास्तर. आणि ज्या तुरुंगात बारा हजारांहून अधिक माणसांचा छळ करून त्यांना मरणाच्या वाटेला लावले, तो तुओल स्लेंगचा तुरुंग मुळात एक माध्यमिक शाळा होती. त्याचा मुख्य अधिकारी 'डच' या नावाने ओळखला जाई. तो गणिताचा शिक्षक.

काही वर्षांपूर्वी मुलाच्या आग्रहाने आम्ही दोघे एका टूरबरोबर तिकडे गेलो होतो. मंडळींना अंकोरवाट पाहायचे होते, पण वाटेत हे ठिकाणही होते. तीन मजली इमारती, लांब व्हरांडे, मध्ये पटांगण. आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावातले हायस्कूल वाटावे. वर्गांत विटांच्या भिंती घालून माणूस जेमतेम मावेल अशा कोठड्या केलेल्या. काही वर्गांत भिंतीवर काळा फळा तसाच. आमची ही बाहेर जाऊन बाकावर बसली. मी त्या फळ्यासमोर जरा वेळ उभा राहिलो आणि मग मलाही तिथे थांबवेना.

७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामच्या सैन्याने नॉम पेन्हमधून ख्मेर रूजला हुसकावले. इथून तो 'दुसरा दिवस' सुरू होतो.

कल्पना करा. लाखो माणसे आपले गाव आणि आपली माणसे शोधत रस्त्याने चालत आहेत. पेरणीचा हंगाम तसाच गेला. कोठारात दाणा नाही, देशात चलन नाही. सरकारी नोकरांना पगार म्हणून तांदूळ मिळायचा. रिएल ही नोट पुन्हा आली ती मार्च १९८० मध्ये. शिक्षकांपैकी तीन चतुर्थांश मेले किंवा परागंदा झाले असे सांगतात. तरीही १९७९ च्या सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या. कशा? ज्याला जास्त येते त्याने कमी येणाऱ्याला शिकवावे आणि ज्याला कमी येते त्याने काहीच न येणाऱ्याला शिकवावे, या तत्त्वावर. चार-सहा यत्ता शिकलेली पोरे मास्तर झाली. झाडाखाली वर्ग, पाटीला कोळसा. डी.एड., बी.एड.च्या गप्पा मारणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाचून खाली बसावे.

या वेळी जगाने काय केले? सामान्य माणसांनी बरेच केले. जॉन पिल्जर या पत्रकाराने 'इयर झीरो' नावाचा माहितीपट काढला. तो १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये दाखवला गेला आणि लोक हेलावले. तिथल्या दूरदर्शनवर मुलांचा 'ब्लू पीटर' नावाचा कार्यक्रम असे. त्याच्या आवाहनावरून शाळकरी पोरांनी घरातल्या जुन्या वस्तू विकून लाखो पौंड जमवले. ऑक्सफॅम, युनिसेफ, रेड क्रॉस या संस्थांनी धान्य, औषधे आणि बियाणे पोचवले.

पण सरकारांचे गणित वेगळे होते. नॉम पेन्हमध्ये नवे सरकार आले ते व्हिएतनामच्या बंदुकीच्या जोरावर आणि व्हिएतनामच्या पाठीशी सोव्हिएत रशिया. म्हणून अमेरिका, चीन, ब्रिटन आणि आग्नेय आशियातले शेजारी यांनी त्याला मान्यता नाकारली. एका देशाने दुसऱ्यात सैन्य घुसवावे का, हा त्यांचा प्रश्न काही खोटा नव्हता. ते सैन्य पुढे दहा वर्षे तिथून हलले नाही, हेही खरे. पण याचा परिणाम काय झाला पाहा. सप्टेंबर १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान झाले आणि कंबोडियाची खुर्ची ख्मेर रूजच्याच प्रतिनिधीकडे राहिली. बाजूने ७१ मते, विरुद्ध ३५. ज्यांनी देशाची स्मशानभूमी केली तेच जगाच्या सभेत त्या देशाच्या नावाने बसले. भारताने मात्र जुलै १९८० मध्ये नॉम पेन्हच्या सरकारला मान्यता दिली. इंदिराबाई त्याच वर्षी पुन्हा सत्तेवर आल्या होत्या. रशियाशी असलेली मैत्री हे त्यामागचे एक कारण होतेच, पण निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते.

मान्यता नाही म्हणजे विकासाची मदत नाही. उपाशी माणसाच्या तोंडात घास घालायला परवानगी होती. पण पंप दुरुस्त करणे, रस्ता बांधणे, शिक्षक तयार करणे हे 'विकास' या सदरात मोडत असल्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थांचे दरवाजे बंद. पहिली दोन-तीन वर्षे सरल्यावर बहुतेक मंडळी निघून गेली. थोड्या संस्था तेवढ्या चिकाटीने राहिल्या. बाकी आधार रशियाचा आणि व्हिएतनामचा. दुसरीकडे थायलंडच्या सीमेवर निर्वासितांच्या छावण्यांत जगाचे धान्य जात होते आणि त्यातले ख्मेर रूजच्या सैनिकांच्याही पोटात जात होते. त्या धान्यावर तगून ते पुढे दहा वर्षे लढत राहिले, सुरुंग पेरत राहिले.

म्हणजे ज्या दहा वर्षांत मदतीची सर्वाधिक गरज होती त्या दहा वर्षांत राजकारण आडवे आले. मुलगा पहिलीत असताना त्याला शिकवायचे नाही आणि दहावीच्या वर्षी एकदम चार शिकवण्या लावायच्या, असा हा प्रकार.

आता त्या चार शिकवण्यांकडे येऊ. शीतयुद्ध संपत आले, १९८९ मध्ये व्हिएतनामचे सैन्य परतले आणि २३ ऑक्टोबर १९९१ ला पॅरिसमध्ये शांतता करार झाला. करारावर सही करणाऱ्यांत भारतही होता. आपला या देशाशी असा संबंध नवा नव्हता. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर देखरेखीसाठी आंतरराष्ट्रीय आयोग नेमला तेव्हा त्याचे अध्यक्षपद भारताकडेच होते. असो. पॅरिस करारानुसार संयुक्त राष्ट्रांनी तात्पुरता कारभार हाती घेतला. या मोहिमेचे इंग्रजी आद्याक्षरांवरून झालेले नाव अनटॅक. मार्च १९९२ ते सप्टेंबर १९९३ असा अठरा महिन्यांचा खेळ. सुमारे बावीस हजार माणसे, त्यांतले सोळा हजारांच्या आसपास सैनिक. भारतानेही पायदळाची तुकडी पाठवली होती. खर्च सुमारे १६० कोटी डॉलर. संयुक्त राष्ट्रांनी तोवर एवढे मोठे काम कुठेच अंगावर घेतले नव्हते. प्रमुख होते जपानचे यासुशी अकाशी आणि सेनापती ऑस्ट्रेलियाचे जॉन सँडरसन.

काम काय? चारही गटांच्या सैनिकांपैकी बहुतेकांना नि:शस्त्र करायचे, महत्त्वाच्या खात्यांवर देखरेख ठेवायची, थायलंडच्या सीमेवरच्या साडेतीन लाखांहून अधिक निर्वासितांना घरी आणायचे आणि निवडणूक घ्यायची.

नि:शस्त्रीकरणाचे काय झाले ते एका प्रसंगावरून कळेल. मे १९९२ च्या अखेरीस अकाशी आणि सँडरसन ख्मेर रूजच्या ताब्यातल्या पायलिनच्या बाजूला निघाले. वाटेत रस्त्यावर एक बांबू आडवा टाकलेला आणि त्याच्यामागे दोन-चार पोरसवदा सैनिक. पुढे जाता येणार नाही म्हणाले. आणि जगातल्या सर्वांत मोठ्या शांतिमोहिमेचे दोन प्रमुख गाड्या वळवून परत आले. बळ वापरायची त्यांना मुभा नव्हती हे खरे. पण तो बांबू सगळ्या देशाला दिसला. ख्मेर रूजने शस्त्रे ठेवली नाहीत, मग इतरांनीही ठेवली नाहीत.

निर्वासितांचे काम त्या मानाने चांगले झाले. त्याची सूत्रे सेर्जियो व्हिएरा दे मेलो या ब्राझिलियन अधिकाऱ्याकडे होती. आधी प्रत्येक कुटुंबाला शेतजमीन द्यायचे ठरले होते. पण सुरुंग नसलेली मोकळी जमीन मिळेना. तेव्हा मोठ्या माणसाला ५० डॉलर आणि मुलाला २५ डॉलर रोख, असा पर्याय निघाला. बहुतेकांनी तोच घेतला आणि आपापल्या नातेवाइकांच्या गावी गेले. लोकांना विचारले तर लोक आपला मार्ग काढतात, कागदावरची योजना बदलायची तयारी मात्र हवी.

शहरात मात्र दुसरेच चित्र. पांढऱ्या गाड्यांचे तांडे, डॉलरमध्ये घरभाडी, वाढलेली महागाई, वाढलेले बाजारबसवेपण आणि त्याबरोबर आलेला एड्स. बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्याचा एका दिवसाचा भत्ता शंभर डॉलरहून अधिक होता. तेवढे पैसे मिळवायला तिथल्या माणसाला कित्येक महिने राबावे लागे. म्हणजे त्या १६० कोटींतले किती कंबोडियात राहिले आणि किती पाहुण्यांबरोबर परत गेले, हा हिशोब प्रत्येकाने मनात करावा.

पण मंडळी, मे १९९३ मध्ये जे घडले ते वाचताना अजूनही अंगावर काटा येतो. ख्मेर रूजने निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता आणि मतदान करणाऱ्याला मारण्याच्या धमक्या दिल्या होत्या. एप्रिलमध्ये एका तरुण जपानी निवडणूक स्वयंसेवकाची हत्याही झाली. अनटॅकचे स्वतःचे रेडिओ केंद्र होते. जपानमधून वापरलेले रेडिओ मागवून गावोगावी वाटले होते. त्या रेडिओवरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाई, की तुमचे मत गुप्त राहील. आणि २३ मे रोजी मतदान सुरू झाले तेव्हा माणसे पहाटेपासून ठेवणीतले कपडे घालून रांगेत उभी. म्हाताऱ्या बाया, काठी टेकत आलेले, सुरुंगात पाय गेलेले. चाळीस लाखांहून अधिक लोकांनी मत दिले, नोंदणी झालेल्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्के. आपल्याकडे मतदानाच्या सुट्टीला जोडून लोणावळ्याला जाणाऱ्यांना हा आकडा मुद्दाम सांगावासा वाटतो.

निकाल लागला. १२० जागांपैकी राजपुत्र रणरिद्ध यांच्या पक्षाला ५८, सत्तेवरच्या हुन सेन यांच्या पक्षाला ५१. म्हणजे हुन सेन हरले. पण लष्कर, पोलीस, गावपातळीवरचे प्रशासन सगळे त्यांच्या हातात. निकाल मानणार नाही म्हणाले, काही प्रांत फुटून निघण्याची धमकी आली. शेवटी तोडगा काय, तर पहिले पंतप्रधान रणरिद्ध आणि दुसरे पंतप्रधान हुन सेन! एका वर्गाला दोन मॉनिटर नेमले की काय होते हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. १९९७ च्या जुलैत नॉम पेन्हच्या रस्त्यांवर रणगाडे उतरले आणि पहिले पंतप्रधान परदेशात पळाले. तोवर अनटॅक केव्हाच घरी गेले होते. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रमुख विरोधी पक्षच विसर्जित केला. पुढल्या वर्षीच्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना १२५ पैकी १२५ जागा. २०२३ मध्ये हुन सेन यांनी पद सोडले ते आपल्या मुलासाठी, हुन मानेत यांच्यासाठी.

तर नव्वद टक्के लोकांनी जीव मुठीत धरून जे मत दिले त्याची राखण करायला कोणी थांबले नाही. जगाने मतपेटी दिली, पण हरलेल्याने उठून जावे ही रीत काही पेटीतून येत नाही. ती रुजायला वेळ लागतो आणि त्या वेळेत कुणीतरी पाठीशी लागते.

मग कट्ट्यावरचा दुसरा तट खरा का? सगळे पाण्यात गेले का? नाही. आता तीन गोष्टी सांगतो. त्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर फारशा आल्या नाहीत.

पहिली तांदळाची. कंबोडियात भाताच्या शेकडो जाती होत्या. कुठली खोल पाण्यात वाढणारी, कुठली कमी पावसावर येणारी. शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या जपलेल्या. ख्मेर रूजच्या काळात आणि नंतरच्या उपासमारीत त्यांतल्या कित्येक गेल्या. आपल्याकडे म्हणतात, उपाशी राहीन पण बियाण्याला हात लावणार नाही. तिथे लोकांनी बियाणे खाल्ले, इतकी वेळ आली. पण फिलिपाइन्समध्ये लोस बान्योस इथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तिथल्या लोकांनी १९७२-७३ मध्ये, युद्ध चालू असतानाच, कंबोडियातल्या जातींचे नमुने गोळा करून थंड कोठीत ठेवले होते. १९८० च्या दशकात त्यांतल्या सातशेहून अधिक जाती त्यांनी कंबोडियाला परत दिल्या. पुढे १९८७ पासून २००१ पर्यंत ऑस्ट्रेलियाच्या पैशावर एक प्रकल्प चालला. त्यात बाहेरच्या तज्ज्ञांनी तिथल्या तरुणांना शिकवले, परदेशी पाठवले आणि हळूहळू काम त्यांच्या हाती दिले. १९९५ च्या सुमारास देश पुन्हा स्वतःच्या भातावर जगू लागला. यात भाषणे नाहीत आणि पांढऱ्या गाड्यांचे तांडेही नाहीत. ज्याचे होते ते त्याला परत केले आणि पेरायला शिकलेले हात तयार केले, एवढेच.

दुसरी गोष्ट दगडांची. अंकोरमध्ये बाफुओन नावाचे एक प्रचंड मंदिर आहे. ते ढासळत होते म्हणून फ्रेंच तज्ज्ञांनी सगळे दगड उतरवून, प्रत्येकाची नोंद करून आजूबाजूच्या रानात मांडून ठेवले होते. पुन्हा रचायचे म्हणून. तेवढ्यात युद्ध आले, फ्रेंचांना जावे लागले आणि ख्मेर रूजच्या काळात नोंदींचे कागद नष्ट झाले. राहिले रानात पसरलेले तीन लाख दगड आणि कुठला कुठे बसतो याचा पत्ता नाही. १९९५ मध्ये काम पुन्हा सुरू झाले, एकेक दगड जुळवत ते २०११ मध्ये पुरे झाले. सोळा वर्षे! फ्रेंच तज्ज्ञांच्या जोडीला शेकडो कंबोडियन कारागीर होते. आपल्या पुरातत्त्व खात्याचेही नाव इथे घ्यायला हवे. १९८६ ते १९९३ या काळात, यादवी चालू असताना आणि इतर देश तिकडे फिरकत नसताना, आपली माणसे अंकोरवाटच्या डागडुजीसाठी जात होती. दगड साफ करण्याच्या त्यांच्या पद्धतीवर नंतर टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण अडचणीच्या काळात कोण आले होते, हे त्या देशाला आठवत असणारच. पुढे ता प्रोम मंदिराचे कामही भारताकडे आले.

तिसरी गोष्ट सुरुंगांची. युद्ध संपले तरी सुरुंगाला ते कळत नाही. गुराख्याचा पोर, सरपणाला गेलेली बाई, नांगर धरलेला शेतकरी. १९७९ पासून सुमारे पासष्ट हजार माणसे मेली किंवा जखमी झाली, त्यांत मेलेली वीस हजारांच्या घरात. १९९६ या एका वर्षातच चार हजारांहून अधिक. १९९२ मध्ये अनटॅकच्याच काळात कंबोडियाचे सुरुंग निवारण केंद्र स्थापन झाले आणि बरोबर परदेशी संस्था आल्या. गुडघ्यावर बसून, वीत-वीत जमीन चाचपत काढलेले हे सुरुंग. टांझानियात शिकवलेले मोठे उंदीरही या कामाला लावले आहेत, वासावरून दारू ओळखतात. मगावा नावाच्या अशा एका उंदराला २०२० मध्ये ब्रिटनच्या एका प्राणिसंस्थेने शौर्याबद्दल सुवर्णपदक दिले. माझ्या नातवाला ही गोष्ट फार आवडते. अलीकडच्या वर्षांत बळींचा वर्षाचा आकडा शंभराच्या खाली आला. आणि पुढचे ऐका. २००६ पासून कंबोडियाचे सुरुंग काढणारे सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या वतीने सुदानसारख्या देशांत जाऊ लागले. २०२३ मध्ये युक्रेनच्या माणसांना सुरुंग काढायचे शिक्षण कंबोडियाने दिले, जपानच्या मदतीने. विद्यार्थी मास्तर झाला. शिक्षकाला याहून दुसरे काय हवे?

या तीन गोष्टींत सारखे काय आहे, तेच मला सांगायचे आहे. तिन्हींत पैसा अनटॅकपेक्षा कितीतरी कमी लागला, पण वेळ भरपूर लागला. दहा वर्षे, सोळा वर्षे, तीस वर्षे. तिन्हींत तिथलाच माणूस शिकून हाताशी आला. आणि एकाही ठिकाणी अठरा महिन्यांनी सामान बांधून जाण्याची तारीख आधी ठरलेली नव्हती.

याच्या उलट उदाहरण शाळांचे. देणगीदाराला इमारत आवडते, कारण तिच्यावर पाटी लावता येते. कंबोडियात गेल्या तीस वर्षांत शाळा पुष्कळ झाल्या, कित्येकांवर हुन सेन यांचे नाव आहे. पण शिक्षकाचा पगार वर्षानुवर्षे इतका तुटपुंजा होता की मास्तर वर्गातल्या पोरांकडून रोज थोडे थोडे पैसे घेत. पगारावर पाटी लावता येत नाही ना!

न्यायाचेही तसेच उशिरा. ख्मेर रूजच्या नेत्यांवर खटले चालवायला संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने न्यायालय सुरू झाले ते २००६ मध्ये. पोल पॉट १९९८ मध्येच मरून गेला होता. २०२२ मध्ये शेवटचा निकाल लागेपर्यंत तीस कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला आणि शिक्षा झाली ती तिघांना. त्यांतला एक तो गणिताचा मास्तर. बैल गेला आणि झोपा केला, असे म्हणायचा मोह होतो. पण ज्यांची माणसे गेली त्यांना भर कोर्टात उभे राहून ती नावे घेता आली, याला मी कमी मानत नाही.

आजचा कंबोडिया १९७९ चा नाही. पुष्कळ सुधारला आहे, लहान मुले जगू लागली आहेत, सरासरी आयुष्य सत्तरच्या आसपास गेले आहे. मेकाँग नदीवर जपानने पूल बांधले आणि कंबोडियाने ते आपल्या ५०० रिएलच्या नोटेवर छापले. त्यांतला एक नेआक लुआंग गावाजवळ आहे, २०१५ मध्ये खुला झालेला. याच गावावर १९७३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी विमानाने चुकून बाँब टाकून शंभरहून अधिक माणसे मारली होती. तरी स्वास्थ्य आले असे म्हणवत नाही. २०२५ च्या जुलैत थायलंडच्या सीमेवर पुन्हा तोफा धडाडल्या आणि लाखोंना घर सोडून पळावे लागले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशांना दिली जाणारी मदत अचानक रोखली तेव्हा सुरुंग काढण्याचे कामही काही ठिकाणी थांबले होते. पन्नास वर्षांपूर्वी कुणी पेरले ते अजून उपसतो आहोत, आणि उपसणाऱ्याच्या हातातली पहार मध्येच काढून घ्यायची!

म्हणून कट्ट्यावरच्या दोन्ही मित्रांना माझे सांगणे असे. पैसा किती दिला हे शेवटी विचारा. आधी विचारा, वेळेवर दिला का? मग विचारा, किती वर्षे थांबलात? आणि मग विचारा, तुम्ही गेल्यावर तिथल्या माणसाच्या हाताला काय येते? या तीन प्रश्नांची उत्तरे बरी आली तर थोडक्या पैशातही देश उभा राहतो. नाही आली तर १६० कोटी डॉलरनाही एक बांबू हलत नाही.

लोस बान्योसच्या थंड कोठीत त्या भाताच्या पुड्या दहा वर्षे पडून होत्या. ज्यांनी त्या गोळा केल्या त्यांना पुढे काय होणार आहे हे ठाऊक नव्हते. नाव, गाव, जात लिहून त्यांनी त्या नीट ठेवल्या, इतकेच. परत मागायला कोणी आले तेव्हा त्या होत्या.

आपले मत जरूर कळवा. लेख लांबला, सांभाळून घ्या.